मोजे काढा, डॉक्टरसाहेब

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक मंडळातल्या एका ताईंचा फोन आला. "शैलाताई, यंदा तुमचा लेख हवाच. इतकी वर्षं अमेरिकेत काढलीत, किती अनुभव असतील! लायब्ररीत व्हॉलंटियर करता ना, त्यावर लिहा. नाहीतर तुमच्या गार्डनवर."

मी म्हटलं, "मी सव्वीस वर्षं बुटांच्या दुकानात नोकरी केली. त्यावर लिहिते."

मग त्या म्हणाल्या, "चालेल की. पण दिवाळी अंक आहे ना, थोडं इन्स्पायरिंग असलं तर बरं."

तर हा लेख बुटांवर आहे. त्यातही शिकारीला जाणाऱ्या माणसांच्या चामडी बुटांवर. फराळाच्या ताटाशेजारी ज्यांना हा विषय नको असेल त्यांनी पान उलटावं, पुढे पाककृती असतीलच.

आम्ही राहतो त्या रेडमंडहून पूर्वेला डोंगराच्या दिशेनं निघालं की घाट सुरू होण्याआधी एक लहान गाव लागतं. तिथे हमरस्त्याला लागून आमचं दुकान. एका बाजूला गॅस स्टेशन, मागे देवदारासारखी फरची उंच झाडं आणि वर्षातले सात-आठ महिने पाऊस. मालकाचं नाव वॉल्ट. त्याच्या वडिलांनी लाकूडतोड्यांसाठी ते दुकान काढलं होतं. माझ्या वेळेपर्यंत लाकूडतोडे कमी झाले होते, पण विजेच्या खांबांवर चढणारे, डोंगर चढणारे आणि सप्टेंबर लागला की शिकारी, अशी गिऱ्हाइकं यायची. कोणी हरणामागे जाणारे, कोणी एल्कमागे. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा.

मी बी.एस्सी. झालेली, लग्न करून इकडे आलेली. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये. कामाचा परवाना हातात आला त्या आठवड्यात मला या दुकानाच्या काचेवर 'माणूस हवा आहे' अशी पाटी दिसली आणि मी आत गेले. तात्पुरती म्हणून गेले आणि तिथेच म्हातारी झाले. पार्टीत कोणी विचारलं की श्रीकांत घाईघाईनं सांगायचा, "ती रिटेलमध्ये आहे." एक गृहस्थ मात्र मला हसत हसत म्हणाले होते, "काय वहिनी, पायातली वहाण पायातच बरी, नाही का?" मी म्हटलं, "बरोबर आहे. पण कुठल्या मापाची?" ते स्वतः एक माप लहान बूट घालून उभे होते, हे मला दारातूनच दिसलं होतं.

हा ताठा खरा आहे, पण एक कबुली देऊन टाकते. साताऱ्याला आईला मी शेवटपर्यंत 'एका ऑफिसात आहे' असंच कळवत राहिले. ते माझं चुकलं. तिच्या टाचांना जन्मभर भेगा होत्या. माझं काम तिलाच सगळ्यांत आधी समजलं असतं.

पहिल्या दिवशी वॉल्ट खुर्चीत बसला, त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि उघडा पाय माझ्यापुढे केला. "धर," म्हणाला. आमच्या दुकानात एक बुटकं स्टूल असतं, त्याला पुढे उतरती फळी. त्यावर आपण बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय फळीवर घ्यायचा. म्हणजे आपण कायम त्याच्यापेक्षा खाली. मी नुसती बघत राहिले. पुरुषाच्या पायाला हात लावायचा तो वडिलांच्या, सासऱ्यांच्या, आणि तोही नमस्कारापुरता. वॉल्टचा पाय साठीतला, नखं जाड, अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं.

"तो चावत नाही," वॉल्ट म्हणाला. "जोडा चावतो. म्हणून आधी पाय बघायचा."

मी पाय हातात घेतला. त्यानं तासभर मला तो दाबायला लावला. इथे कमान, इथे चवडा, इथे टाचेचा कप. मग म्हणाला, लोक वयाबद्दल खोटं बोलतात त्याहून जास्त पायाबद्दल बोलतात. त्यांना विचारू नकोस. हातानं बघ.

सवयी मात्र सुटता सुटत नाहीत. एकदा माझा पाय चुकून एका आडदांड लाकूडतोड्याच्या पायाला लागला आणि मी नकळत वाकून त्याच्या बुटाला हात लावला नि कपाळाला लावला. त्याला वाटलं मी चामडं तपासतेय. "काय वाटतं, अजून एक हिवाळा काढतील?" त्यानं गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, टाचा बदलून घेतल्या तर काढतील. त्यानं त्या घेतल्या बदलून.

आता धंद्यातलं थोडं सांगते, कारण आपल्या लोकांना बूट घेता येत नाहीत. राग मानू नका. बूट घ्यायला सकाळी जाऊ नये. दिवसभरात पाय फुगतो, म्हणून दुपार टळल्यावर जावं. डोंगरात जे लोकरी मोजे घालणार तेच घेऊन जावेत, ऑफिसचे झिरझिरीत नकोत. दोन्ही पाय उभं राहून मोजून घ्यावेत, कारण ते सारखे नसतातच. शिवाय आपल्याकडे लहानपणी चपलेत नाहीतर अनवाणी वाढलेला पाय चवड्याशी पसरट आणि टाचेशी अरुंद असतो. त्याला इथला सरसकट बूट पुढे आवळतो आणि मागे निसटतो. मग लोक काय करतात, नाडी करकचून बांधतात आणि वर म्हणतात, चामड्याचे बूट चावतातच.

बूट घालून आमच्या उतरत्या फळीवर उभं राहायचं. अंगठा पुढे जाऊन टेकला की तो बूट परत खोक्यात. चढताना माणूस दमतो, पण पायाची वाट लागते ती उतरताना, त्यात पाठीवर मांसाचं ओझं असलं तर विचारूच नका. शिकाऱ्याला माझा पहिला प्रश्न असायचा, "बसणार की चालणार?" एका जागी दबा धरून बसणाऱ्याला आतून जाड अस्तर हवं. चालणाऱ्याला तेच अस्तर शत्रू, कारण पाय घामेजतो आणि घाम थंड झाला की बोटं गारठतात. आणि दुकानात पहिल्या मिनिटाला लोण्यासारखा लागणारा बूट घेऊ नये. चांगलं चामडं हट्टी असतं. ते महिनाभर घरात, अंगणात वापरून आपल्या पायाला सरावतं. ओलं झालं तर शेकोटीजवळ ठेवायचं नाही, तडकतं.

एकदा सांता क्लाराहून बदली होऊन रेडमंडला आलेला एक मराठी मुलगा आला. टीममधल्या मित्रांबरोबर पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला निघाला होता. लॅपटॉप उघडून म्हणाला, "काकू, चौदा बूट कम्पेअर केलेत. वेट, वॉटरप्रूफिंग, रेटिंग, सगळं आहे. फक्त साइज ट्राय करतो, यार... सॉरी, काकू."

मी सगळं नीट वाचलं आणि विचारलं, "यात तुझा पाय कुठल्या कॉलममध्ये आहे?"

तो हसला आणि त्यानं मुकाट्यानं मोजे काढले. चौदातला एकही त्याला बसला नाही. पंधरावा बसला.

मी स्वतः अंडंही खात नाही. त्यावरून मला खूप ऐकवलं गेलंय, की हिंसेला हातभार लावतेस. हरणाचं काय करायचं ते मारणारा आणि सरकारी परवाना देणारा बघून घेतील. डोंगरात गेलेला माणूस आपल्या पायांनी घरी यावा एवढंच माझं काम. आणि त्या कामात मी एकदा चुकले. सांगायचं आहे ते हेच.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर महिना, दुपारची वेळ. दारातून डॉक्टर जाधव आत आले. (नाव बदललं आहे. त्यांनी 'खऱ्या नावानं लिही' म्हणून सांगितलं होतं, पण ते माझं मी ठरवणार.) मूळचे कोल्हापूरचे, वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. तरुणपणी या राज्याच्या पूर्व भागात, गव्हाच्या शेतांमधल्या एका छोट्या गावात ते एकटे सर्जन होते. तिथल्या अर्ल नावाच्या शेतकऱ्याचं अपेंडिक्स त्यांनी काढलं आणि बरा झाल्यावर अर्लनं त्यांना शिकारीला नेलं. तेव्हापासून दोघं दर वर्षी एल्कच्या मोसमात चार दिवस डोंगरात जायचे. निवृत्तीनंतर डॉक्टर मुलाजवळ रेडमंडला राहायला आले होते. मंडळात त्यांचा केवढा मान! त्यांच्या पत्नी सुमनताई तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष होत्या.

मला बघून ते दारातच थबकले. "अहो, तुम्ही इथे? दुसरं कोणी नाही का?"

"वॉल्ट मागे आहे, पण कामात आहे. बसा ना डॉक्टरसाहेब."

ते बसले. मी स्टूल ओढून त्यांच्यापुढे बसले आणि मोज्याला हात घातला. त्यांनी झटकन पाय मागे घेतला.

"छे छे. चांगल्या घरची सून तुम्ही. माझ्या पायाशी बसायचं, बरं दिसत नाही ते. मी घालतो माझे मी."

खरं सांगते, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. इतकी वर्षं मंडळातल्या लोकांनी माझ्याकडे नाक मुरडून पाहिलं होतं आणि हा एवढा मोठा माणूस मला चांगल्या घरची सून म्हणत होता. मी उठून उभी राहिले. मोजपट्टी तशीच भिंतीला राहिली. त्यांनी माप सांगितलं ते मी ऐकलं, खोकं आणून हातात दिलं. त्यांनी पाठ वळवून बूट घातले, दोन फेऱ्या मारल्या.

"कसे वाटतात?" मी विचारलं.

"एकदम कम्फर्टेबल. कुठेही काही टोचत नाही."

टोचत नव्हतं, कारण त्यांना तिथे काही कळतच नव्हतं. मधुमेहानं पायाची जाणीव हळूहळू जाते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण डॉक्टरनं स्वतःचं दुखणं कबूल करायचं म्हणजे महापाप. बायकोलाही सांगितलं नव्हतं. वॉल्टचा नियम मला पाठ होता, विचारू नकोस, हातानं बघ. मी विचारलं आणि हात बांधून उभी राहिले.

डोंगरात तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी बूट काढला तेव्हा मोजा रक्तानं चिकटला होता. पुढे आवळणाऱ्या बुटानं करंगळी सोलून काढली होती, तीन दिवस, आणि त्यांना पत्ता नव्हता. जखम चिघळली. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

मला कळलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. सुमनताईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पंधरा बायकांसमोर म्हणाल्या, "तुमच्या दुकानातल्या बुटांनी माझ्या नवऱ्याची बोटं गेली, शैलाताई. बूट विकायचे तर नीट विकावेत." मधुमेहाचं तोवर त्यांना कळलेलं होतं. त्याबद्दल त्या अक्षर बोलल्या नाहीत. मलाही ते सगळ्यांदेखत काढून दाखवता आलं असतं, कारण चांगली जाणीव असलेला माणूस तीन दिवस असा चालूच शकत नाही, एवढं मला समजत होतं. पण मी नुसता तिळगूळ तोंडात टाकला. त्यांचं निम्मं म्हणणं खरं होतं आणि तेच मला झोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी वॉल्टला सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "त्याच्या पायाला हात लावला होतास?"

"नाही."

"मग तू त्याला बूट दिले नाहीस. खोकं दिलंस," म्हणाला आणि आत गेला. मी स्टुलावर बसून रडले.

श्रीकांत म्हणाला, "सोड आता ही नोकरी. काय नडलंय आपलं? लोक काय काय बोलतायत." मला त्याच क्षणी कळलं की आता तर सोडायचीच नाही. चुकले म्हणून पळून जायचं आणि मग जन्मभर लायब्ररीत पुस्तकं लावत बसायचं? सकाळी नऊला दुकान मीच उघडलं.

त्या दिवसापासून माझा नियम झाला. माझ्या हातात पाय दिल्याशिवाय माझ्याकडून बूट मिळणार नाहीत. मग कोणीही असो. चर्चचे पाद्री आले, न्यायाधीश आले, त्यांनी निमूट मोजे काढले. अडायची ती आपलीच माणसं. "काकू, प्लीज, तुम्ही पायाला हात नका लावू, आम्हाला कसंतरी होतं."

"मग बूटही नका नेऊ."

काहीजण उठून गेले. मंडळात बोललं गेलं की शैलाला फार शिंगं फुटलीत. फुटली होतीच. उठून गेलेल्या गिऱ्हाइकांबद्दल वॉल्टनं मला कधी बोल लावला नाही.

तीन वर्षं गेली. ऑगस्टच्या शेवटी एके दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि डॉक्टर आत आले. चाल थोडी तिरकी झाली होती. मागून सुमनताई, रागानं लाल.

"अर्ल पुढच्या वर्षी अ‍ॅरिझोनाला मुलीकडे जाणार आहे," डॉक्टर म्हणाले. "गुडघे गेलेत त्याचे. हा आमचा शेवटचा मोसम. मला बूट हवेत."

"शैलाताई, यांना सांगा तुमच्याकडे यांच्या मापाचे बूट नाहीत म्हणून," सुमनताई म्हणाल्या. "मुलगा सांगून थकला, मी सांगून थकले. आठ बोटं राहिलीत, ती तरी राहू देत."

"नसतील तर मी कॅनव्हासचे घालून जाईन."

वॉल्ट कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण त्यानं डॉक्टरांच्या पायांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको.

सोपं होतं. नाहीत म्हटलं की झालं असतं. सुमनताई खूश, वॉल्ट खूश, आणि माझ्या माथ्यावर दुसऱ्यांदा खापर फुटायची भीती नाही. पण मला दिसत होतं की हा माणूस जाणार. कॅनव्हासचे घालून, नाहीतर दुसऱ्या कुठल्या दुकानात जाऊन 'एकदम कम्फर्टेबल' म्हणून खोकं उचलून जाणार. शिवाय त्या पायाशी माझा एक हिशेब राहिला होता.

मी स्टूल ओढलं. "बूट देईन. पण अटी माझ्या. तुमच्या पायांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायची आणि त्यांच्याकडूनच बुटाच्या आतला तळवा बनवून घ्यायचा, गेलेल्या बोटांच्या जागी भर घातलेला. आजपासून सहा आठवडे दर शनिवारी इथे यायचं. आणि या दुकानात 'कम्फर्टेबल' हा शब्द तुम्ही तोंडातून काढायचा नाही."

"मग कसं कळणार तुम्हाला?"

"माझं मी बघेन. मोजे काढा, डॉक्टरसाहेब."

त्यांना सर्वांत अवघड ते हेच होतं. बोटं नसलेला पाय त्यांनी अर्ललाही दाखवला नव्हता. मग सुमनताईच पुढे झाल्या आणि वाकायला लागल्या. मी त्यांना थांबवलं. "तुम्ही नका, ताई. त्यांनी स्वतः काढायचे."

त्यांनी काढले. मी उजवा पाय फळीवर घेतला. पाय गार होता. मी हात लावलेला त्यांना समजत नव्हता, ते फक्त माझ्या हाताकडे बघत होते.

दोन्ही पायांना दोन वेगळी मापं निघाली. दोन जोड फोडून एक जोड केला. वॉल्ट पुटपुटला, "आता उरलेले दोन कोणाला विकणार?" पण पुटपुटत स्वतःच मागे जाऊन खोकी घेऊन आला. चिठ्ठी आली, तळवे आले. मग दर शनिवारी डॉक्टर बूट घालून दुकानात अर्धा तास फिरायचे, फळीवरून चढ-उतार करायचे आणि बसायचे. मी मोजे काढायला लावून पाय बघायची. कातडीवर लाल डाग दिसला की घड्याळ लावून वाट बघायची, तो किती वेळानं जातो. लवकर गेला तर ठीक. राहिला, तर त्या जागी बूट दाबतोय. मग आमची एक पकड असते, एका बाजूला गोळा आणि दुसऱ्या बाजूला कडी. ती त्या नेमक्या जागी बसवून चामडं ताणायचं. सुमनताई शेजारी उभ्या राहून बघायच्या. तिसऱ्या शनिवारी त्यांनी न सांगता बुटात हात घातला, आतून सगळीकडे फिरवला आणि म्हणाल्या, "इथे शिवण जरा वर आलीय." खरंच आली होती.

जायच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी डाग दिसला. पाऊण तास झाला तरी जाईना. मी बूट उचलून काउंटरमागे ठेवला.

"हा आज मिळणार नाही."

"अहो, सोमवारी पहाटे निघायचंय! एवढासा डाग. मी डॉक्टर आहे, मला कळतं!"

"इथे नाही," मी म्हटलं. "इथे तुम्ही एक पाय आहात."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं आता उठून जातील. सुमनताई पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलल्या. "बसा हो. त्या काय म्हणतायत ते ऐका."

रविवारी दुकान बंद असतं. मी जाऊन चामडं ताणलं, मेण लावलं, पुन्हा ताणलं. दुपारी डॉक्टर आले, अर्धा तास चालले. डाग पडला आणि दहा मिनिटांत गेला. मी बूट त्यांच्या हातात दिला आणि अर्लसाठी इंग्रजीत एक कागद लिहून दिला. दर दोन तासांनी थांबायचं, बूट-मोजे काढायचे, आणि पाय डॉक्टरनं नाही, अर्लनं बघायचे. डाग दिसला तर शिकार तिथेच संपली. खाली मी सही केली. वॉल्टनं तो कागद वाचला आणि माझ्या सहीखाली आपली केली.

ते चार दिवस मी काय केलं ते मला आठवत नाही. एका बाईला दोन डावे बूट दिले एवढं आठवतं. चूक दुसऱ्यांदा झाली तर मी नोकरी सोडणार होते. ते कोणाला बोलले नव्हते. लोक म्हणतात म्हणून सोडणार नव्हते, पण दोन वेळा हात चुकला तर तो हात कामाचा नाही, एवढं मला ठरवता येत होतं.

शुक्रवारी दुपारी पाऊस लागला होता. डॉक्टर एकटेच आले, थेट डोंगरातून. दाढी वाढलेली, कपड्यांना धुराचा वास. एल्क दिसला होता, झाडीत निघून गेला. अर्ल म्हणाला जाऊ दे, आणि दोघं एका खडकावर बसून कॉफी प्याले. एवढंच सांगितलं आणि खुर्चीत बसले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी दोन्ही बूट काढले, मोजे काढले आणि पाय फळीवर ठेवले.

"बघ, शैला," ते म्हणाले. त्यांनी मला कधी नुसतं नावानं हाक मारली नव्हती. "घरी नाही गेलो अजून. आधी तुला दाखवायला आलोय."

मी चष्मा लावला. उजवा पाय घेतला, करंगळीच्या जागेवरून अंगठा फिरवला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं, टाच पाहिली, घोटा पाहिला. मग डावा. मग पुन्हा उजवा. वॉल्ट खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला होता.

"काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

गेल्या वसंतात मी निवृत्त झाले. मंडळानं सत्कार केला नाही, मी वाटही पाहिली नव्हती. संपादक मंडळातल्या ताईंना इन्स्पायरिंग काही हवं होतं. माझ्याकडे आहे ते एवढंच, की त्या शुक्रवारी त्या दोन पायांवर काहीही नव्हतं.

मी डॉक्टरांचे मोजे उचलले, झटकले, आतून हात फिरवून पाहिले आणि त्यांच्या पायात घालायला घेतले. या वेळी त्यांनी पाय मागे घेतला नाही.